भिंतीचं डोकं

शाळेच्या मैदानावर दर दुपारी एक गाणं चालायचं. मुलींचा फुटबॉलचा संघ सरावाआधी मैदानाला फेऱ्या मारायचा आणि पळता पळता एका तालात ओरडायचा, "कात्री, उशी, लिंबू, बादली, शिडी!" 'शिडी'वर सगळ्या मिळून असा जोर द्यायच्या की झाडावरचे पक्षी उडायचे.

नर्सबाईंच्या खोलीची खिडकी मैदानाकडेच उघडत असे. पट्ट्यांच्या गुंडाळ्या करताना त्यांचं बोटही टेबलावर ताल धरायचं. हे पाच शब्द त्यांचेच होते. कुणाला डोक्याला लागलं की त्या समोर बसवून हेच शब्द सांगत, मग थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलत, आणि मग विचारत, "सांग बघू, मघाचे शब्द कोणते?" आठवले तर ठीक. गळले, तर खेळ बंद आणि डॉक्टरांकडे. नर्सबाईंच्या सहीशिवाय डोकं आपटलेल्या मुलीला मैदानात उतरता येत नसे. शाळेचा तसा नियमच होता. ही पद्धत त्या एका प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. तिथं नमुना म्हणून जे पाच शब्द दिले होते, तेच त्यांनी इतकी वर्षं वापरले. बदलायचे असतात हे काही कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरे पाच त्यांच्याच लक्षात राहिले नसते.

तर पोरींनी आपले शब्द गाण्यात घेतले, याचं नर्सबाईंना कोण कौतुक! मुख्याध्यापिका बाईंना त्या म्हणाल्यासुद्धा, "मुलींमध्ये आरोग्याची गोडी निर्माण झालीय हो." मुख्याध्यापिका बाईंनी मान डोलावली आणि वार्षिक अहवालात तसं लिहून टाकलं.

संघाचे सर म्हणजे नर्सबाईंचे सख्खे धाकटे दीर. वरच्या मजल्यावर राहायचे, जेवायला खाली यायचे. शाळेत मात्र दोघांचं ठरलेलं होतं: ते 'नर्सबाई' म्हणत, त्या 'सर' म्हणत. फक्त काही हवं असलं की सरांच्या तोंडून शाळेतही 'वहिनी' निघायचं. त्यामुळे त्या बुधवारी दुपारी मैदानावरून "वहिनी! अहो वहिनी!" अशी हाक आली, तेव्हाच नर्सबाई समजल्या, की काहीतरी झालंय आणि ते झालंच नाही असं आपण म्हणावं अशी इच्छा आहे.

झालं होतं ते असं. संघाची गोलकीपर होती, तिला सगळी शाळा 'भिंत' म्हणायची. तिच्या पलीकडे बॉल जात नसे म्हणून. आडव्या अंगाची नव्हे, उलट काटकुळी. पण बॉल दिसला की मांजरीसारखी झेपावायची. त्या दिवशी झेपावली ती थेट गोलच्या खांबावर. डोक्याचा असा आवाज झाला की खांब वाकला असेल म्हणून दोघी तो बघायला धावल्या. भिंत उठली, कपडे झाडले, ग्लोव्ह्ज नीट केले आणि ताठ मानेनं चालत जाऊन समोरच्या गोलात उभी राहिली.

"मस्करी करतेय ती," सर म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे ना तिचा स्वभाव? उचापतखोर आहे."

"सर, बाजूला व्हा."

"शनिवारी फायनल आहे, वहिनी."

"मला नर्सबाई म्हणा."

खोलीत नेऊन नर्सबाईंनी भिंतीला खुर्चीत बसवलं, कपाळाला ओलं फडकं लावलं आणि समोर बसल्या. "हे बघ बाळ, आता मी तुला पाच शब्द..."

"कात्री, उशी, लिंबू, बादली, शिडी," भिंत म्हणाली.

नर्सबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, मी अजून सांगितले कुठे?"

"मग तुम्ही सांगा. मी परत म्हणते."

खिडकीबाहेर उरलेल्या पोरींनी पुन्हा पळायला सुरुवात केली होती. "कात्री, उशी, लिंबू..." आवाज जवळ आला, लांब गेला. नर्सबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. वर्षभर ज्या गाण्यावर त्यांनी ताल धरला, ते गाणं म्हणजे त्यांच्याच परीक्षेचा फुटलेला पेपर होता! त्यांना आधी हसू आलं, मग घाम फुटला. या हंगामात आपण कुणाकुणाला 'ठीक आहे' म्हणून परत पाठवलं? ती उंच बचावपटू, डोक्याला कोपर लागून पडली होती. ती पुढे खेळणारी, जिला दोन दिवस पायऱ्या चुकत होत्या. सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं होतं, आणि आपण शाबासकी दिली होती. देवानंच सांभाळलं म्हणायचं.

"आज वेगळे शब्द," त्या म्हणाल्या. "पंखा, दोरी, मीठ, खिडकी, कोंबडी."

भिंतीचा चेहरा पडला. "हे आमच्या अभ्यासात नव्हते, बाई."

थोड्या वेळानं विचारलं, तर पंखा आठवला, तोही डोक्यावर फिरत होता म्हणून. आणि मग बराच विचार करून भिंत म्हणाली, "लिंबू?"

"दुखतंय डोकं?"

"नाही."

"उजेडाचा त्रास? मळमळ?"

"काहीच नाही, बाई. आणि त्या गोलात मी मस्करी म्हणूनच गेले. सरांना विचारा."

डोक्याचं हेच अवघड असतं. गुडघा सुजला की सगळ्यांना दिसतो, हाड मोडलं की हात स्वतःच बोलतो. डोक्याच्या आत काय हललंय ते ज्याचं त्यालाच ठाऊक, आणि ज्याला ठाऊक त्याला फायनल खेळायची असते. नर्सबाईंनी भिंतीचा त्या दिवशीचा खेळ बंद केला, तिच्या आईला फोन लावून डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. आई म्हणाली, "ती तर म्हणते काही झालंच नाही. बरी आहे की! टीव्ही बघतेय." नर्सबाईंनी आधी टीव्ही बंद करायला लावला.

रात्रीच्या जेवणाला सर खाली आले ते तोंड फुगवूनच.

"वाढू का?" नर्सबाईंनी विचारलं.

"भूक नाही," असं म्हणून त्यांनी ताट पुढे ओढलं. "वहिनी, ऐनवेळी पेपर बदलला तुम्ही. हा काय न्याय झाला?"

"आणि पेपर फोडला कुणी? तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटायचं, तुम्हीच शिकवलंय ते गाणं."

नर्सबाईंचे यजमान पेपरमागून हसले. त्यांचा नियम होता, भाऊ आणि बायको यांच्या भांडणात पडायचं नाही. पण पेपर मात्र जरा खाली घ्यायचा.

"मला विचारा," सर म्हणाले. "विचाराच. माझ्या डोक्याला काही लागलेलं नाही. सांगा पाच शब्द."

नर्सबाईंनी सांगितले. सरांनी भात कालवला, कोशिंबीर घेतली, मुख्याध्यापिका बाईंना नावं ठेवली. मग नर्सबाईंनी विचारलं, तर सरांना तीन आठवले, त्यातला एक चुकीचा.

"बघा!" सरांना कोण आनंद झाला. "मीही बाहेर! मला पण शनिवारी घरी बसवा! अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा संघ फायनलला पोचलाय. आणि राखीव गोलकीपर कोण आहे, ठाऊक आहे ना? खुर्ची!"

'खुर्ची' हे त्या मुलीचं नाव नव्हे. सगळे सामने ती बाहेर खुर्चीत बसून बघायची, म्हणून पोरींनी ठेवलेलं. उंच, लाजाळू मुलगी. भिंतीची बालवाडीपासूनची मैत्रीण, म्हणजे भिंत हुकूम सोडायची आणि खुर्ची पाळायची.

"तिला उंचीकडे बघून घेतली मी," सर म्हणाले. "बॉल आला की ती बाजूला होऊन त्याला वाट करून देते, वहिनी. पाहुण्यासारखी."

सरांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. शब्द गळले म्हणजे डोकं बिघडलंच असं नाही. त्या मुलीला आधी कधी नवे शब्द विचारलेच नव्हते, तर तिचं एरवीचं कसं असतं ते कसं कळणार? चूक आपलीच. आणि आपल्या चुकीपायी एका पोरीची वर्षभराची मेहनत पाण्यात घालायची?

"शुक्रवारी परत बघेन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तोवर सराव नाही. आणि तुम्ही तिच्याशी शब्दांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, भाऊजी."

"मला कुठे आठवतायत ते?" सर म्हणाले आणि आणखी भात मागितला.

शुक्रवारी भिंत आली ती डोळ्यांवर टोपी ओढून, हसत हसत. एकदम ताजीतवानी. तिला डॉक्टरांकडे नेलंच नव्हतं; आईचा निरोप होता, 'पोरगी म्हणते नको.' नर्सबाईंनी दार लावलं, भिंतीला बसायची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, स्वतः खिडकीकडे पाठ करून बसल्या. शब्द त्यांनी सकाळी स्वयंपाक करताना मनाशी ठरवले होते आणि घरात कुणाला कळू दिले नव्हते.

"बासरी, हत्ती, कंगवा, झोपाळा, घड्याळ. म्हण बघू."

भिंतीनं म्हटले. मग गप्पा झाल्या. गणिताच्या बाईंबद्दल झाल्या, भिंतीच्या मांजरीबद्दल झाल्या. भिंत बोलत होती, पण तिची नजर सारखी नर्सबाईंच्या खांद्यावरून पलीकडे जात होती.

"हं, आता सांग."

"बासरी," भिंत लगेच म्हणाली. थांबली. खांद्यावरून बघितलं. "हत्ती." पुन्हा बघितलं. "केस... कंगवा!"

नर्सबाईंच्या समोर औषधांचं कपाट होतं. त्याच्या काचेत खिडकी दिसत होती. आणि उघड्या खिडकीत एक उंच मुलगी, दोन्ही हात दोन अदृश्य दोऱ्यांना धरून, डोळे मिटून, मोठ्या तन्मयतेनं पुढे-मागे झुलत होती.

"झोपाळा!" भिंत म्हणाली.

नर्सबाई वळल्या. खुर्चीनं डोळे उघडले. झुलता झुलता ती तशीच थिजली. एक पाय हवेत.

"आत ये," नर्सबाई म्हणाल्या. "दारानं ये. खिडकीनं नको."

खुर्ची आत आली ती रडण्याच्या बेतातच. तिच्या मागोमाग सरही आले. ते बाहेर निकालाची वाट बघत घुटमळत होते.

"अगं," नर्सबाई मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांना मोठ्यानं बोलता येतच नसे. "ही बाहेर बसली तर उद्या तू खेळणार. तुला तर आनंद व्हायला हवा. आणि तूच हिला शब्द पुरवतेस?"

"म्हणून तर पुरवते, बाई!" खुर्ची हुंदका देत म्हणाली. "मला बॉलची भीती वाटते!"

सरांनी कपाळावर हात मारला. "मग संघात आलीस कशाला?"

"तुम्हीच घेतलंत, सर. मी ग्रंथालयात जात होते. तुम्ही म्हणालात, इकडे ये, किती उंच आहेस."

भिंत टोपीआडून हसली. "बाई, ही कधी खोटं बोलत नाही. म्हणून हिला हातवारे करायला लावले. हातवारे म्हणजे बोलणं नव्हे ना?"

नर्सबाईंनी क्षणभर खुर्चीकडे बघितलं. मग आपली बसायची खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. "तुला मी शब्द विचारणार नाही. बुधवारपासून तू हिच्याबरोबर आहेस. तुला काय दिसलं, एवढंच सांग. नाही सांगितलंस तरी मी रागावणार नाही. पण उद्या हिच्या डोक्याला पुन्हा लागलं, तर जे होईल ते मला परत जागेवर आणता येणार नाही. डॉक्टरांनाही नाही."

भिंतीचं हसू गेलं. "ए," ती हळूच म्हणाली. नुसतं 'ए'. त्यात सगळं होतं: बालवाडीपासूनचे डबे, गृहपाठ, वर्गातलं एकच बाक आणि पुढे कधी न बोलण्याची धमकी.

खुर्चीनं ओढणीसारखी जर्सी बोटाला गुंडाळली. सांगितलं तर मैत्रीण गेली, आणि उद्या साऱ्या गावासमोर गोलात उभं राहणं आलं. गप्प राहिलं तर दोन्ही वाचतं. बिचारीच्या चेहऱ्यावर हा हिशेब इतका स्पष्ट दिसत होता, की सरांनीही मान फिरवली.

"ती सायकलींच्या शेडमागे ओकली," खुर्ची म्हणाली. "बुधवारी. आणि काल पण. टोपी ती उजेडासाठी घालते. आणि घरी जाताना तिनं मला विचारलं, फायनल जिंकलो का आपण."

"गंमत केली मी," भिंत म्हणाली.

"आणि मला 'अहो' म्हणाली, बाई." आता खुर्चीचे डोळे वाहायला लागले. "'अहो, जरा माझं दप्तर धरता का,' म्हणाली. ती मला कधी 'अगं'सुद्धा म्हणत नाही!"

सर पुढे आले. काही बोलतील म्हणून नर्सबाई सावरून बसल्या. पण ते भिंतीसमोर उकिडवे बसले. "बरं, ते जाऊ दे. मला एक सांग. पेनल्टी मिळाली तर तू डावीकडेच उडी मारायची, असं मंगळवारी मी म्हणालो होतो. तुला पटलं होतं ना?"

भिंतीनं त्यांच्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली, गेली. "हो, सर. पटलं होतं. डावीकडे."

सर उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"मंगळवारी आम्ही याच्यावरून अर्धा तास भांडलो, वहिनी," ते पाठमोरेच म्हणाले. "माझी अक्कल काढली तिनं. तीन वर्षांत या मुलीला माझं एक म्हणणं पटलेलं नाही." मग ते भिंतीकडे वळले. "बूट काढ गं. उद्या नाही खेळायचं."

भिंत तेव्हा रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. रडण्यानं डोकं आणखी दुखलं तेव्हा तिनं पहिल्यांदा कबूल केलं, "दुखतंय हो बाई, खूप दुखतंय." नर्सबाईंनी खिडकीचा पडदा ओढला, तिला पलंगावर निजवलं, आणि सर स्वतः तिच्या आईला आणायला स्कूटर घेऊन गेले. आई आल्यावर दोघांनी तिला सरळ डॉक्टरांकडेच नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मेंदूला मार बसलाय, वेळेवर आणलंत, आता विश्रांती. आणि मी सांगेपर्यंत बॉलला हात लावायचा नाही.

शनिवारी मैदान भरलं होतं. गोलात खुर्ची उभी होती. पाय जुळवून, हात छातीशी, फोटो काढायला उभं करतात तशी. पहिला बॉल आला तेव्हा तिनं डोळे मिटले. दुसरा आला तेव्हा एकच डोळा मिटला. तिसरा सरळ तिच्या पोटावर बसला आणि ती बॉलसकट खाली बसली, सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, तर ती उठून विचारते, "काय झालं?" नर्सबाई पिशवी घेऊन धावल्या. तिला झालं काहीच नव्हतं, तिला फक्त विश्वास बसत नव्हता.

खेळ अर्ध्यावर आला तेव्हा संघाची पुढची मुलगी, सगळे गोल जिच्या पायातून यायचे ती, उडी मारताना समोरच्या मुलीच्या डोक्यावर आपटली. उठली. दोन पावलं पळाली. मग थांबली, आणि हात वर करून आपणहून बाहेर चालत आली.

"बाई," ती म्हणाली, "मला दोन बॉल दिसतायत."

सरांच्या तोंडून निघालंच, "मग एकाला तरी मार की!" आणि लगेच त्यांनी जीभ चावली, स्वतःची खुर्ची तिला दिली, पाण्याची बाटली दिली, डोक्यावर सावलीला आपला रुमाल धरून उभे राहिले. नर्सबाईंनी तिला पाच शब्द विचारले नाहीत. जी मुलगी फायनलमधून आपल्या पायानं बाहेर येऊन खरं सांगते, तिला आणखी काय विचारायचं?

हरले. दोन विरुद्ध चार. सरांनी घरी येऊन जेवण नको म्हटलं, आणि या वेळी खरंच जेवले नाहीत. यजमानांनी पेपर पूर्ण खाली ठेवला आणि भावाला घेऊन फिरायला गेले.

रविवारी सकाळी पूजा आटोपून नर्सबाई भिंतीच्या घरी निघाल्या, तर कोपऱ्यावर खुर्ची उभी. "मी पण येऊ?" म्हणाली. "एकटीनं जायला भीती वाटते." बॉलची भीती गेली होती की नाही देव जाणे, पण ही नवी होती.

भिंतीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. भिंत अंथरुणावर पडून होती, भिंतीकडे तोंड करून. डोकेदुखी कमी आहे, रात्री झोप लागली, असं आई म्हणाली. नर्सबाईंनी विचारलं त्याची भिंतीनं 'हो, नाही' अशी उत्तरं दिली. खुर्चीकडे वळूनही पाहिलं नाही. खुर्ची तिच्या पायांपाशी टेकली, आणि कुणी न विचारताच खालच्या आवाजात सांगू लागली.

"पहिला गोल डावीकडून आला. मी डोळे मिटले होते, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही."

उत्तर नाही.

"दुसरा पायांच्या मधून गेला. सर म्हणाले, बोगदा आहे का."

उत्तर नाही. नर्सबाई आईबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. आईनं चहा टाकला. दार लोटलेलं होतं, आतून खुर्चीची एकसुरी कुजबुज ऐकू येत होती. तिसरा झाला. चौथा सुरू झाला.

"...मग मी उजवीकडे गेले आणि तो वरून..."

"उजवीकडे?" आतून एकदम भिंतीचा आवाज आला. "कोपऱ्यावरून बॉल येतोय आणि तू उजवीकडे? मूर्ख आहेस का?"

"सरच ओरडले उजवीकडे!"

"सरांना काय कळतंय! कुठे उभी होतीस? दाखव. नाही, तिथं नाही. ही उशी म्हणजे खांब. आता दाखव!"

"उशी कशी खांब? खांब उंच असतो!"

आवाज चढत चालले. आईनं घाबरून नर्सबाईंकडे बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोलीत शांतता हवी, दंगा नको, डोक्याला ताण नको. नर्सबाई ते सांगायला उठल्या. दारापर्यंत गेल्या. मग त्यांना आठवलं, की कपात अजून थोडा चहा आहे. त्या परत येऊन बसल्या, आणि तो अगदी सावकाश, फुंकर मारून मारून प्यायला लागल्या.